फाईल उघडत नाहीये? आधी मूळ फाईलला हात लावू नका

मिरजेत आमचं डीटीपी, झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. "दादा, फाईल उघडत नाहीये" हे वाक्य आठवड्यातून चार-पाच वेळा तरी कानावर येतंच आणि अ‍ॅडमिशनच्या दिवसांत तर रोज. इतक्या वर्षांत एक गोष्ट नक्की लक्षात आलीय, ती म्हणजे मूळ बिघाड बऱ्याचदा साधा असतो, पण माणूस घाबरून त्या फाईलवर जे काही करतो त्याने ती कायमची जाते. दहा वेळा डबल क्लिक करून बघतात, नाव बदलून बघतात, कुठलं तरी फुकटचं रिपेअर सॉफ्टवेअर टाकतात, मग कशात तरी ती अर्धवट उघडते आणि तिथेच सेव्ह दाबतात. झालं. आमच्याकडे पेनड्राईव्ह येतो तेव्हा आतमध्ये त्या सेव्ह केलेल्या फाईलशिवाय काहीच उरलेलं नसतं.

हे मी आमच्या घरातलंच सांगतोय. आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मामांनी २००४ साली एका ठिकाणी टाईप करून घेतल्या होत्या, वर्डची फाईल होती. आजी गेल्यावर बऱ्याच वर्षांनी घरातल्या एकाने ती फाईल नवीन लॅपटॉपवर उघडली तर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. त्याला वाटलं फाईल खराब झाली, म्हणून त्याने कुठल्या तरी वेबसाईटवर मजकूर बदलून घेतला, तो बदललेला मजकूर नोटपॅडमध्ये टाकला, सेव्ह करताना एक सूचना आली ती न वाचता ओके केलं आणि मग मूळ फाईल "खराबच आहे" म्हणून डिलीट केली. उरली ती नुसत्या प्रश्नचिन्हांची फाईल, पानंच्या पानं प्रश्नचिन्हं. मूळ फाईल मुळीच खराब नव्हती हो, फक्त फॉन्ट नव्हता. त्यातल्या बऱ्याच ओव्या पुढे एका जुन्या सीडीतून मिळाल्या, ते खाली सांगतो, पण सगळ्या नाही मिळाल्या.

म्हणून पहिलं काम कॉपी. ती फाईल आहे तशी दुसऱ्या जागी कॉपी करा आणि जे काही प्रयोग करायचेत ते कॉपीवरच करा. बंद करताना "बदल सेव्ह करायचे का" असं विचारलं तर नाही म्हणा. आणि कॉपी करतानाच मध्येच अडकत असेल, हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर दोष फाईलमध्ये नाही, डिस्क मरायला टेकलीय, अशा वेळी डिस्क तपासायची कमांडसुद्धा चालवू नका, ती डिस्कला अजून राबवते. सरळ बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

कॉपी झाली की साईज बघा. राईट क्लिक करून प्रॉपर्टीज. शून्य केबी असेल तर आत काही नाहीच, तिथे कुठलंही रिपेअर सॉफ्टवेअर चालणार नाही, ज्याने पाठवली त्याच्याकडून परत मागवा. नावाच्या सुरुवातीला लाटेसारखी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असेल आणि साईज एक केबीसुद्धा नसेल तर ती तुमची फाईल नव्हेच. वर्ड किंवा एक्सेलमध्ये फाईल उघडी असताना "ही सध्या अमुक वापरतोय" एवढी नोंद ठेवायला ती बनते, एरवी लपलेली असते, आणि लोक नेमकी तीच पेनड्राईव्हवर घेऊन येतात. खरी फाईल त्याच फोल्डरमध्ये पूर्ण नावाने असते. तसंच गूगल ड्राईव्हचं. कॉम्प्युटरवर ड्राईव्हचं फोल्डर असतं त्यातली गूगल डॉक्सची फाईल म्हणजे नुसता पत्ता असतो, मजकूर सगळा गूगलच्या सर्व्हरवर, मग ती पेनड्राईव्हवर टाकून कॉलेजात नेली तर उघडणार कशी. ब्राऊझरमध्ये डॉक उघडून फाईल मेनूतून डाऊनलोड करून वर्ड किंवा पीडीएफ घ्यायची, मग ती न्यायची.

पेनड्राईव्हवर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत, आयकॉनवर छोटा बाण दिसतोय, हा जुना रोग अजूनही झेरॉक्सच्या दुकानांतून फिरतोय (आमच्याकडून कोणाला जाऊ नये म्हणून आम्ही प्रत्येक पेनड्राईव्ह स्कॅन करूनच उघडतो). त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका, क्लिक केलं की व्हायरस चालू. तुमचे खरे फोल्डर तिथेच असतात, फक्त लपवलेले, कधी कधी सगळं सामान एका बिननावाच्या फोल्डरमध्ये ढकललेलं असतं. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपलेल्या फाईल दाखवा हा पर्याय निवडायचा आणि त्याच्या जरा खाली सिस्टीमच्या संरक्षित फाईल लपवा असं असतं त्याची टिक काढायची, ही दुसरी टिक लोक विसरतात आणि म्हणतात डेटा गेला. मग तुमचा डेटा तेवढा उचलून घ्यायचा, पेनड्राईव्ह फॉरमॅट करायचा आणि ज्या कॉम्प्युटरवर हे झालं तोही अँटीव्हायरसने तपासायचा, नाहीतर परत आठ दिवसांनी तेच.

आता एक्स्टेंशन, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं. विंडोज ती मुळातच लपवून ठेवतं आणि माझ्या मते अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो. विंडोज ११ मध्ये फोल्डर उघडून वर व्ह्यू, त्यात शो, त्यात फाईल नेम एक्स्टेंशन्स चालू करा, १० मध्ये व्ह्यूच्या पट्टीतच टिक मिळेल. हे एकदा करून ठेवा आणि परत बंद करू नका. कारण काय होतं, फॉर्मला पीडीएफ मागतात, पोराकडे फोटो असतो जेपीजी, तो नाव बदलून शेवटी पीडीएफ लिहितो आणि त्याला वाटतं झालं. आतला माल तोच राहतो ना, डब्यावर साखर लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होत नाही. पोर्टल फाईल घेतं, आणि पडताळणीच्या वेळी तिकडच्या माणसाला ती उघडत नाही, मग अर्ज त्रुटीत. फोटो उघडून प्रिंट दाबा, प्रिंटरच्या जागी मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ निवडा, खरी पीडीएफ होते, पैसे लागत नाहीत.

फाईल नेमकी काय आहे हे ओळखायची माझी आवडती युक्ती म्हणजे नोटपॅड. कॉपीवर राईट क्लिक, ओपन विथ, नोटपॅड, आणि फक्त पहिली ओळ वाचायची, काही टाईप करायचं नाही, तसंच बंद करायचं. खूप मोठी फाईल असेल तर नोटपॅड अडकून बसतं, तिथे हे करू नका. कचरा अक्षरं दिसतील त्याला घाबरायचं नाही, सुरुवात बघायची. टक्क्याचं चिन्ह आणि पुढे इंग्रजीत पीडीएफ लिहिलेलं असेल तर ती पीडीएफच. पी आणि के ही दोन अक्षरं असतील तर ती झिपच्या घराण्यातली, म्हणजे झिप किंवा वर्ड-एक्सेल-पॉवरपॉइंटची २००७ पासूनची फाईल, कारण त्या सगळ्या आतून झिपच असतात. महिरपी कंसानंतर आरटीएफ असेल तर आरटीएफ. पहिल्या ओळीत जेएफआयएफ किंवा एक्झिफ दिसलं तर फोटो. आणि सुरुवातीलाच टोकदार कंसात एचटीएमएल असं काही असेल तर ते वेबपान आहे.

हे शेवटचं फार वेळा सापडतं. हॉल तिकीट डाऊनलोड केलं, नाव पीडीएफ, उघडताना "फाईल डॅमेज आहे" असा मेसेज, आणि नोटपॅडमध्ये बघितलं तर आत लॉगिनचं पान. म्हणजे पोर्टलवर बराच वेळ बसल्यामुळे सेशन संपलं होतं आणि सर्व्हरने हॉल तिकिटाऐवजी लॉगिनचं पान पाठवलं, ब्राऊझरने ते पीडीएफच्या नावाने ठेवून दिलं. परत लॉगिन करून परत डाऊनलोड करा, एवढंच औषध. एक्सेलचंही भावंड आहे, पोर्टलवरून घेतलेली यादी उघडताना "फाईलचा प्रकार आणि एक्स्टेंशन जुळत नाही" म्हणतं, ती आतून वेबपानातला तक्ता असते, जिथून घेतली ती जागा खात्रीची असेल तर हो म्हणून उघडा आणि लगेच सेव्ह अ‍ॅज करून खरी एक्सेल बनवा.

पीडीएफच्या दोन गोष्टी पटकन सांगतो. पासवर्ड मागतेय म्हणजे बिघाड नाही. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं पूर्ण साल, मध्ये जागा सोडायची नाही. बँक स्टेटमेंटचा पासवर्ड कसा बनतो ते बहुतेक त्या ईमेलमध्येच लिहिलेलं असतं, नीट वाचा. आणि उघडल्यावर फक्त "प्लीज वेट" लिहिलेलं एकच पान येत असेल तर कितीही थांबून काही होणार नाही, तो अ‍ॅडोबीच्या जुन्या पद्धतीचा भरायचा फॉर्म आहे, तो मोबाईलवर किंवा बहुतेक ब्राऊझरमध्ये उघडत नाही. कॉम्प्युटरवर डाऊनलोड करून अ‍ॅडोबी रीडरनेच उघडायचा.

झिपच्या आत डोकावून तिथूनच फाईल उघडू नका, आधी एक्स्ट्रॅक्ट ऑल करा, नाहीतर फाईल तात्पुरत्या फोल्डरमध्ये उघडते आणि तुम्ही दोन तास केलेलं काम नंतर सापडत नाही. नेटवरून आलेली वर्डची फाईल फक्त वाचता येतेय, वर पिवळी पट्टी आहे, तर फाईल ओळखीच्या माणसाची असेल तरच एनेबल एडिटिंग दाबा. आयफोनवरून आलेले फोटो विंडोजवर उघडत नसतील तर ते हाईक (एचईआयसी) प्रकारचे असतात, २०१७ मध्ये आयओएस ११ आल्यापासून कॅमेरा तसेच काढतो, फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कॉम्पॅटिबल निवडलं की पुढचे फोटो जेपीजी येतील. आणि आपल्याकडचं खास, मराठीत लांबलचक फाईलचं नाव. अँड्रॉइड आणि लिनक्सवर नावाला २५५ बाईटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाईट घेतं, काना-मात्रा-वेलांटी प्रत्येक वेगळी मोजायची, म्हणजे ८५ चिन्हांत खेळ खलास. विंडोजमध्येही फोल्डरात फोल्डर करत सगळा मिळून रस्ता २६० अक्षरांच्या वर गेला की बरेच प्रोग्राम फाईल उघडत नाहीत. फाईल सरळ सी ड्राईव्हवर आणून नाव छोटं केलं की पुष्कळदा उघडते, त्यामुळे नाव मराठीत जरूर ठेवा पण आटोपशीर ठेवा.

वर्डची फाईल खरोखरच बिघडली असेल तर वर्ड उघडून ओपनमधून ती फाईल नुसती निवडा, ओपन बटणाला लागून छोटा बाण आहे त्यात ओपन अँड रिपेअर. नाही झालं तर लिब्रेऑफिस टाका, फुकट आहे, आणि वर्डने हात टेकलेल्या फाईल त्यात उघडल्याचं मी कितीदा बघितलंय, ते विचारतं फाईल दुरुस्त करू का, हो म्हणायचं. तरीही नाही, तर मघाशी म्हटलं तसं नवीन वर्डची फाईल म्हणजे झिप, कॉपीचं एक्स्टेंशन बदलून झिप करा, सेव्हन-झिप या फुकट प्रोग्रामने उघडा. आत वर्ड नावाचं फोल्डर, त्यात मीडिया फोल्डरमध्ये सगळे फोटो जसेच्या तसे, आणि डॉक्युमेंट नावाच्या एक्सएमएल फाईलमध्ये तुमचा सगळा मजकूर, खुणांच्या गर्दीत, पण असतो. एका ताईंचा एमएडचा प्रबंध असाच काढला, फॉरमॅटिंग सगळं गेलं पण ११० पानांचा मजकूर मिळाला.

पण नोटपॅडमध्ये उघडल्यावर साईज भरपूर आणि आत नुसती मोकळी जागाच जागा दिसत असेल, एक अक्षर नाही, तर वाईट बातमी आहे. लाईट गेली किंवा पेनड्राईव्ह तसाच उपटला की असं होतं, फाईलसाठी जागा राखली गेली, मजकूर लिहायचा राहिला, सगळे शून्य. त्या फाईलमधून काही निघत नाही, त्यावर पैसे घालवू नका. त्याऐवजी वर्डच्या फाईल मेनूत इन्फो, त्यात मॅनेज डॉक्युमेंट, त्यात न सेव्ह केलेल्या फाईल शोधा, ज्याला ईमेल केली होती त्याच्याकडे विचारा, गूगल ड्राईव्हवर टाकली असेल तर मॅनेज व्हर्जन्समध्ये बघा, तिथे जुन्या आवृत्त्या ३० दिवस राहतात.

आता मराठी मजकुराचं, आणि यावर मला जरा जास्त बोलायचंय. फाईल उघडते पण वाचता येत नाही, तेव्हा आधी नीट बघा की काय दिसतंय. चौकोनी डबे दिसत असतील तर मजकूर सुखरूप आहे, फक्त त्या प्रोग्रामला देवनागरी फॉन्ट मिळाला नाही, सगळं सिलेक्ट करून मंगल किंवा निर्मला लावा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि मध्ये मध्ये चार कोपऱ्यांना काड्या फुटलेला गोल असं परत परत दिसत असेल तर तेही सुखरूप आहे, युनिकोड (म्हणजे आज सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) मजकूर चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय. एक्सेलमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी यादी) डबल क्लिकने उघडली की हमखास हेच होतं, त्याऐवजी कोरी एक्सेल उघडून डेटा, फ्रॉम टेक्स्ट, आणि फाईल ओरिजिनमध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडा, लख्ख मराठी येईल. पण खरीखुरी प्रश्नचिन्हं असतील तर थांबा. तिथे मजकूर गेलेला आहे. युनिकोड मराठी एएनएसआय या जुन्या, मराठी न सामावणाऱ्या पद्धतीने सेव्ह झालं की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं, क आणि ख दोन्हीला एकच प्रश्नचिन्ह, मग परत ओळखणार कसं. जुनं नोटपॅड मुळात एएनएसआयमध्येच सेव्ह करायचं आणि तशी सूचनाही द्यायचं, २०१९ च्या विंडोज १० पासून ते यूटीएफ-८ झालं. आमच्या ओव्या जुन्या नोटपॅडने खाल्ल्या नाहीत, न वाचता दाबलेल्या ओकेने खाल्ल्या.

चौथा प्रकार म्हणजे इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम यांचं कडबोळं. हा जुन्या फॉन्टचा मजकूर. युनिकोड सगळीकडे पोचायच्या आधी श्री-लिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम, कृतीदेव, शिवाजी असे फॉन्ट होते, त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असायचे आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी. फॉन्ट गेला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. वर्डमध्ये त्या मजकुरावर कर्सर ठेवा आणि वर फॉन्टच्या चौकटीत नाव बघा, फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला तरी नाव तिथे दिसतं. ते नाव कागदावर लिहून ठेवा, किल्ली तीच आहे. तो फॉन्ट मिळवून टाकला की मजकूर वाचता येतो, मग लगेच त्याची पीडीएफ करून ठेवा म्हणजे दिसायला तरी कायमचं राहील, आणि मग युनिकोडमध्ये रूपांतर करा. कन्व्हर्टर नेमका त्याच फॉन्टचा घ्या, श्री-लिपीचा मजकूर कृतीदेवच्या कन्व्हर्टरमध्ये टाकला तर भलतंच निघतं. आणि झाल्यावर डोळ्यांनी वाचा, कारण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर ठेवलेला असतो, कन्व्हर्टर तिथेच चुकतो, "दुसऱ्या", "तऱ्हा" मधला अर्धा र आणि जोडाक्षरं तर मुद्दाम तपासा.

आमच्या ओव्या सापडल्या त्या पेजमेकरच्या, म्हणजे छापायची पानं लावायच्या जुन्या प्रोग्रामच्या फाईलमध्ये. मामांनी त्यातल्या बऱ्याच एका स्मरणिकेसाठी दिल्या होत्या आणि ती सीडी छापखान्याने जपून ठेवली होती. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७ आली २००१ साली, त्यानंतर ते बंदच पडलं, त्याच्या जागी आलेलं अ‍ॅडोबीचं इनडिझाईन सीएस६ आवृत्तीपर्यंत या फाईल उघडायचं, नंतरचं उघडत नाही. पण लिब्रेऑफिस ड्रॉ उघडतं, मांडणी थोडी हलते पण अक्षरं येतात. मजकूर श्री-लिपीत होता, फॉन्ट त्याच छापखान्यात मिळाला, आणि पहिली ओवी पडद्यावर उमटली तेव्हा आई शेजारी उभी होती, तिने पुढची न बघता म्हटली. ज्या ओव्या स्मरणिकेत नव्हत्या त्यातल्या काही आईला आठवल्या तशा लिहून घेतल्यात. गावोगावच्या छापखान्यांत, शाळांत, वाचनालयांत अशा सीड्या अजून पडून आहेत आणि घरी लिहिलेल्या सीड्या वर्षांगणिक वाचायच्या बंद होतायत, तुमच्याकडे असतील तर या रविवारी कॉपी करून घ्या, रूपांतराचं नंतर बघता येईल.

एक राहिलं. सगळ्याच फाईलच्या शेवटी अनोळखी एक्स्टेंशन लागलंय आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी आहे, तर हे रॅन्समवेअर, म्हणजे फाईलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस. नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, पैसे देऊ नका, पैसे देऊनही फाईल मिळतीलच असं नाही. नो मोअर रॅन्सम नावाची साईट आहे, २०१६ मध्ये युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांबरोबर सुरू केलेली, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तिथे दोन बिघडलेल्या फाईल आणि ती चिठ्ठी दिली की तुमच्या प्रकाराची किल्ली फुकट आहे का ते कळतं. आज नसेल तरी त्या फाईल डिलीट करू नका, किल्ल्या नंतर येत राहतात. आणि १९३० या सायबर हेल्पलाईनवर किंवा राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार करा.

कोणालाही मदत मागायला जाताना "उघडत नाहीये" एवढंच सांगू नका. साईज किती, एक्स्टेंशन काय, आली कुठून, आधी कधी उघडली होती का आणि कशात, नोटपॅडमध्ये पहिली अक्षरं कोणती, आणि मेसेज नेमका काय येतो त्याचा मोबाईलवर फोटो काढून आणा. आणि त्यानंतर तुम्ही काय काय करून बघितलं तेही सगळं सांगा, सेव्ह दाबलं असेल तर तेसुद्धा, त्यावर कोणी रागावणार नाही, पण ते कळलं नाही तर आम्ही भलत्याच जागी शोधत बसतो.